प्रलय आला नाही, पण भाऊजींनी बोलणं टाकलं

यावेळी तीन पत्रं घेतलीयेत आणि तिन्ही एकाच विषयाची निघाली. मी ठरवून निवडलेली नाहीत, खरंच अशीच आली. पहिलं जरा मोठं आहे, थोडं कापलंय.

प्रश्न : ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले, नाव गाव छापू नका. दोन एकर द्राक्षबाग, एक एकर आमची, एक एकर थोरल्या भाऊजींची, मधे नुसता बांध. भाऊजी चार वर्षं झाली एका बैठकीला जातात. तिथल्या महाराजांनी सांगितलेलं की या दिवाळीच्या अमावास्येला जलप्रलय होणार, २०१९ चा महापूर ही पहिली घंटा होती, आता दुसरी घंटा नाही, थेट शाळाच सुटणार. भाऊजींनी ऑक्टोबरची छाटणीच घेतली नाही. म्हणाले कुणासाठी छाटायची? आमच्या ह्यांनी हातापाया पडून सांगितलं, ऐकलं नाही. अमावास्या आली आणि गेली, साधी भुरभुरसुद्धा नाही. मला वाटलं आता डोळे उघडतील तर उलटंच झालं. आता म्हणतात आमच्या जपामुळं टळलं, आणि पुरतं टळलं नाही ते तुमच्यासारख्यांमुळं. आमच्यात पाणीसुद्धा पीत नाहीत. सासूबाई माळकरी, चाळीस वर्षं वारी चुकवली नाही, त्यांना तोंडावर म्हणाले तुमचा विठोबा वाचवणार नाही आणि एकादशीला त्यांनी पाठवलेला फराळाचा डबा तसाच परत पाठवला. गावच्या पिराला आमच्या घराण्याचा मलिदा असतो, तो बंद करा नाहीतर संबंध संपला म्हणतात. पोरांना एकमेकांत खेळू देत नाहीत. सासूबाई रात्री रडतात. भाकीत खोटं पडलं तर माणूस शहाणा व्हायला पाहिजे ना? आम्ही काय करावं?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या छाटणीपाशीच अडकले. बाग नसलेल्या वाचकांसाठी सांगते, द्राक्षवेलीची वर्षातनं दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. ही दुसरी चुकली की त्या वर्षी घडाची आशा सोडायची. औषधं, मजूर, सोसायटीचं कर्ज सगळं डोक्यावर तसंच, आणि माल शून्य. म्हणजे भाऊजींनी त्या अमावास्येवर अख्खं वर्ष लावलं. आता मला सांगा, एवढं लावलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा घेता घेता 'चुकलं बुवा माझं' म्हणेल? बांधापलीकडं तुमची बाग फुटलेली, घड दिसायला लागलेले, आणि ह्यांच्याकडं नुसता पाला. रोज सकाळी ते बघायचं. चूक कबूल केली तर ते वर्ष वाया गेलं असं होतं, आणि 'आमच्या जपानं टळलं' म्हटलं की तेच वर्ष कामी आलं असं होतं. तुम्हीच त्यांच्या जागी असता तर कुठलं निवडलं असतं?

जे नुसते ऐकायला जात होते ते अमावास्येनंतर हळूच गळले असतील बघा. राहिले ते ज्यांचं काहीतरी गेलं तेच.

हे काही तासगावचं खास नाही. अमेरिकेत शिकागोजवळ एका बाईंनी सांगितलेलं की २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार आणि आपल्याला न्यायला परग्रहावरची तबकडी येणार. लोकांनी नोकऱ्या सोडल्या. फेस्टिंगर नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे साथीदार भक्त असल्याचं सोंग घेऊन त्या घरात बसलेले (हे मला तरी पटत नाही, घरात चोरून बसायचं आणि वर अभ्यास म्हणायचं). रात्र सरली, तबकडी नाही, पाणी नाही, आणि पहाटे बाईंना संदेश आला की तुम्ही थोडे लोक जागलात त्याच्या पुण्याईवर देवानं जग वाचवलं. तुमच्या भाऊजींचंच वाक्य, फक्त इंग्रजीत.

आता तुमचा खरा सल, ही माणसं घरच्यांवरच का उलटतात. याला माझ्याकडं जुनी गोष्ट आहे, जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरातली, १५३४ ची. तिथं एका कडव्या ख्रिस्ती पंथानं शहर ताब्यात घेतलं. त्यांचं म्हणणं, लहानपणी झालेला बाप्तिस्मा खोटा, आता मोठेपणी पुन्हा घ्या, नाही घेतला तर शहर सोडा. ऐन फेब्रुवारीच्या थंडीत बायापोरांसकट माणसं वेशीबाहेर काढली. आणि लक्षात घ्या, बाहेर काढलेलेही ख्रिस्तीच होते, त्याच येशूला मानणारे. यांचा पुढारी यान माथिस, त्यानं सांगितलं ईस्टरला जगाचा निवाडा होणार. ईस्टर आला, हा मूठभर माणसं घेऊन वेढा घातलेल्या फौजेवर चालून गेला आणि मारला गेला. संपलं म्हणाल तर नाही, त्याच्या जागी दुसरा यान आला, तो स्वतःला राजा म्हणवून घ्यायला लागला, नियम अजून कडक, ऐकलं नाही तर थेट मुंडकं. शहर पडलं १५३५ च्या जूनमध्ये. पुढाऱ्यांची प्रेतं ज्या लोखंडी पिंजऱ्यांत लटकवली ते तीन पिंजरे आजही तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर आहेत.

तारीख फसली की कुणाच्या तरी नावावर ती फसगत मांडायला लागते. महाराजांच्या नावावर मांडता येत नाही, स्वतःच्या तर नाहीच. मग उरतं कोण? जवळ असून आत न आलेला माणूस. लांबचा परधर्मी त्यांना फार टोचत नाही, तो त्यांच्या हिशोबात कधी नव्हताच. टोचते ती माळ घातलेली आई, कारण तीही देवाचंच करते, चाळीस वर्षं करते, आणि तिला कुठल्या अमावास्येची गरज लागली नाही. सासूबाईंना एवढं नक्की सांगा की डबा परत आला तो फराळ वाईट होता म्हणून नाही.

पण दुसरी बाजूही बघा. गावात भाऊजींना कोण काय म्हणतंय? 'काय पाटील, बुडलो का नाही अजून?' म्हणणारे चार जण पारावर असणारच, आणि घरात कुणीतरी तोंड सोडलंच असेल. १८४४ ला अमेरिकेतच विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर ही तारीख धरलेली, हजारो लोक, काहींनी शेतातली पिकं काढलीच नाहीत. त्यांच्यातल्या काहींनी आधीच इतर चर्चना पापी ठरवून सोडलेलं, आणि चर्चनीही त्यांना बाहेर काढलेलं, म्हणजे टाळी दोन्ही हातांनी. तारीख गेल्यावर रस्त्यात पोरं 'अजून गेला नाहीत वर?' म्हणून ओरडायची, त्यांच्या सभांवर जमाव चालून गेला. बरेच जण निमूट घरी गेले. जे राहिले ते मात्र अजून घट्ट बांधले गेले.

म्हणून पहिलं काम, तारखेचा विषय तुमच्या घरातनं बंद. टोमणा नाही, पोरांच्या तोंडीसुद्धा नाही. दुसरं, एप्रिल येतोय. खरड छाटणीला तुम्ही मजुरांची टोळी सांगणारच, तेव्हा तुमच्या ह्यांना बांधावर जाऊन एवढंच विचारू दे, 'दादा, टोळी येतीय, तुझी पण करून घेऊ का?' बास, वर एक शब्द नको. माणूस देवाधर्माच्या वादात हरायला तयार होत नाही पण बागेच्या कामाला हो म्हणतो. नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी परत विचारा.

मलिद्याचं मात्र ऐकू नका. घराण्याचा मान आहे तो, पिढ्यांचा. तुमच्या सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे गगनचुंबी ताबूत निघतात त्यात हिंदू घरांचे मान आहेत, ते कुणी कुणाला पटवून दिलेले नाहीत, चालत आलेत. आज मलिदा सोडलात तर उद्या वारी सोडा म्हणतील, परवा माहेर.

एक व्यवहाराचं, आणि हे आजच करा. भाऊजींच्या एकराचा सातबारा काढून बघा, ऑनलाईन मिळतो. काही बोजा चढलाय का, जमीन कुणाला लिहून दिलीय का. जाऊबाईंना हे कळायला पाहिजे, त्यांच्या पोरांचं आहे ते. त्या बोलत नसतील तर त्यांच्या भावाकरवी कळवा. अशा बैठकीत एक तारीख गेली की दुसरी येते आणि दुसरीच्या आधी दान मागितलं जातं.

कायद्याचं विचारलं नाहीत पण सांगून ठेवते. भाऊजी तुमच्याकडं पाणी पीत नाहीत हा गुन्हा नाही, त्यांची मर्जी. पण बैठकीनं ठरवून तुमच्या घराला वाळीत टाकायचा फतवा काढला, दुकान-दळण-मजूर बंद करायला लावलं, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. फक्त जातपंचायतीपुरता नाही, पंथाच्या नावानं केलेला बहिष्कारही त्यात येतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भाऊजींवर मात्र लगेच पोलीस नेऊ नका, मग ते एकर कायमचंच पलीकडं जाईल.

कबूल करणारी माणसं अगदीच नसतात असंही नाही. हॅरोल्ड कॅम्पिंग म्हणून अमेरिकेत रेडिओवर बोलायचे, त्यांनी आधी १९९४ सांगितलं, मग २१ मे २०११, ती गेली तर २१ ऑक्टोबर. लोकांनी साठवलेले पैसे जाहिरातींत घातले. तेही गेलं, आणि २०१२ च्या मार्चमध्ये नव्वदीच्या त्या माणसानं लिहून दिलं की आम्ही चुकलो, तारीख काढणं हेच पाप होतं. उशीर झाला पण लिहिलं. तुमचे भाऊजी नव्वदचे नाहीत.

प्रश्न : १९६२ च्या अष्टग्रहीच्या वेळी मी दहा वर्षांचा होतो. वाईला आमच्या घरात तीन दिवस जप चालू होता, वडील झोपले नाहीत. आता हे सांगितलं की नातू हसतो. आमचे वडील खुळे होते का?

उत्तर : अजिबात नाही हो आजोबा. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ ला मकर राशीत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि वर केतू असे आठ जमले होते, हे पंचांगात खरंच होतं. त्यातनं जग बुडणार हे लोकांनी जोडलं. देशभर यज्ञ झाले, मोठमोठी शिकलेली माणसं घाबरलेली. आणि आपल्याकडं तर सातच महिन्यांपूर्वी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटून पुणं वाहून गेलेलं. ज्यानं ते ऐकलं त्याला पाण्याची भीती शिकवावी लागत नव्हती. वडील जागले, जप केला, कुणाला शिव्या दिल्या नाहीत, शेजारणीचा डबा परत पाठवला नाही. यात खुळेपणा कुठला?

माझ्या वाट्याला स्कायलॅब आलं. १९७९ चा जुलै, मी सहावीत, कोरेगाव तालुक्यातलं आमचं खेडं. अमेरिकेची ती ७७ टनांची प्रयोगशाळा आकाशातनं पडणार, कुठं ते कुणालाच नक्की माहीत नाही. माझ्या आजोबांनी जत्रेसाठी राखलेला बोकड कापला. म्हणाले वरनं मरायचंच आहे तर उपाशी कशाला? आखाडच चालू होता, निमित्त झालं. अख्खी आळी जेवली, ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं तेसुद्धा पितळी घेऊन आले. ११ जुलैला ते पडलं समुद्रात आणि तिकडं ऑस्ट्रेलियाच्या टोकाला. मग जत्रेला बोकड नाही. आजी पुढं कितीतरी वर्षं आजोबांना 'स्कायलॅब' म्हणायची, आणि ते हसायचे. नातवाला ही पण सांगा.

बाकी आपल्या सातारा जिल्ह्यावर खरा घाला आला तो ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे चारनंतर, कोयनेचा भूकंप. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. त्याची तारीख कुणीच दिली नव्हती.

प्रश्न : तुम्ही कायम आपल्याच धर्माची टिंगल करता. दुसऱ्यांबद्दल लिहायची हिंमत आहे का? तुम्ही अंनिसवाल्या दिसता. — एक जागृत वाचक, कराड

उत्तर : जागृत वाचक, वरचं पहिलं उत्तर परत वाचा, त्यात शिकागो, म्युन्स्टर, मिलर, कॅम्पिंग असे चार आलेत आणि त्यातला एकही आपल्या धर्मातला नाही. तारीख काढणारे सगळीकडं असतात आणि त्यांच्याच पोथीत तारीख काढू नका असं लिहिलेलं असतं. बायबलात मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात आहे की तो दिवस, ती घटका कुणाला ठाऊक नाही. कुराणात सातव्या सूरेत आहे की त्या घडीचं ज्ञान फक्त अल्लाहकडं.

अंनिसची, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, मी सभासद नाही, माझ्या घरात देव्हारा आहे आणि रोज दिवा लागतो. पण ती स्थापन करणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या त्या माणसाला गोळ्या घातल्या. त्यामुळं 'अंनिसवाल्या' ही शिवी म्हणून वापरलेली मला चालत नाही.

आणि आपल्या धर्माचं म्हणाल तर तेही घ्या. आपल्या पुराणांत कलियुग ४,३२,००० वर्षांचं सांगितलंय आणि त्यातली जेमतेम ५,१०० झालीत. तुमच्याकडं सत्यनारायण घातला की गुरुजी हातात पाणी देऊन संकल्प सोडायला लावतात, त्यात 'कलियुगे प्रथमचरणे' असं येतं, म्हणजे पहिलाच पाव भाग चाललाय. पुढच्या पूजेला कान देऊन ऐका. गुरुजी फार भरभर म्हणतात पण ऐकू येतं.