‘स्ट्रीट अरब’चं मराठीत काय करावं?

प्रश्न असा : शेरलॉक होम्सच्या ‘द क्रूकेड मॅन’ या कथेत एक छोटा ‘स्ट्रीट अरब’ धावत येऊन निरोप देतो. इंग्लंडातल्या ऑल्डरशॉटमध्ये हा अरब मुलगा कुठून आला? भाषांतरात काय लिहावं?

तो अरब नाहीच. होम्स लगेच त्याच्या डोक्यावर थोपटून ‘शाब्बास, सिम्पसन!’ म्हणतो. नाव अस्सल इंग्रजी! कथा १८९३ची. बेघर, रस्त्यावर वाढणाऱ्या पोरांना तेव्हा इंग्रजीत सर्रास ‘स्ट्रीट अरब’ म्हणत. अमेरिकेतही तेच, न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांवरच्या जेकब रीसच्या १८९०च्या पुस्तकात या पोरांवर एक अख्खं प्रकरण याच नावाचं आहे.

हे नाव आलं बेदुइनांवरून (वाळवंटात भटकणाऱ्या अरब टोळ्या), म्हणजे त्यांच्याविषयीच्या ऐकीव समजुतीवरून : घर नाही, कायदा नाही, लुटीवर पोट. १८४८ साली लॉर्ड अ‍ॅशलीनं (पुढे लॉर्ड शाफ्ट्सबरी) ब्रिटिश संसदेत लंडनच्या बेवारस पोरांना ‘शहरी अरब’ म्हटलं आणि त्यांची तुलना बेबंद लुटारू टोळ्यांशी केली. माणूस त्या पोरांचा कैवारी, पण उपमा ही! गंमत म्हणजे कथेतला सिम्पसन नेमून दिलेल्या घरावर इमानेइतबारे पहारा देतोय. शब्द त्याला शोभतच नाही, तरी कॉनन डॉयलला तो खटकलेला दिसत नाही. परक्या समाजातल्या खलनायकाला मुद्दाम दिलेल्या वाकड्या नाकापेक्षा असा सहज येऊन जाणारा शब्द मला त्या काळच्या पूर्वग्रहाबद्दल जास्त बोलका वाटतो.

मराठीत ‘रस्त्यावरचा अरब’ केलंत तर वाचक भलतीकडेच जाईल. आपल्या इतिहासातला अरब म्हणजे जादा पगाराचा कडवा शिपाई. १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तो अरब शिबंदीनंच. ‘बेरड’ किंवा ‘पेंढारी’ वापरायचा मोहही टाळा. ‘बेरड’ हे तर एका जमातीचं नाव. ते निर्लज्ज, निर्ढावलेला अशा अर्थानं आपणही वापरत आलोच की! म्हणजे एका समाजावरचा डाग पुसून दुसऱ्यावर लावल्यासारखं होईल. ‘टपोरी’ फारच मुंबईचा.

मी ‘रस्त्यावरचं एक पोरगं’ एवढंच लिहीन. पण मग मूळ शब्दातला डंख नाहीसा होतो, आणि डॉयल होता त्याहून सोज्ज्वळ दिसतो. म्हणून दोन ओळींची तळटीप हवीच. प्रकाशक कुरकुरला तरी.