आईच्या उलट्या आणि हणजूणची बाटली

प्रश्न : आई ६४ वर्षांची, बांबोळीला केमो चालू आहे. प्रत्येक केमोनंतर तीन दिवस पेजसुद्धा पोटात ठरत नाही. इंग्लंडमधला मामेभाऊ म्हणतो, तिथे डॉक्टर गांजाचं औषध लिहून देतात. हणजूणला एकजण तेल द्यायला तयार आहे. आणू का?
– एक मुलगी, वाळपई

उत्तर : नको, ताई. त्या बाटलीत नेमकं काय आणि किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अशा तेलामुळे चालू औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. शिवाय गांजा किंवा चरस बाळगणं हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. झाडाची नुसती पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून परवानाधारक 'विजया' (आयुर्वेदात भांगेचं नाव) औषधं वैद्य देतात. पण केमो चालू असताना तीही कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत.

मामेभाऊ खोटं बोलत नाही. तिथे नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टर असं औषध लिहू शकतात. पण ते मुख्यतः कुणाला? इतर औषधांना दाद न देणारी फेफरी असलेल्या मुलांना, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू ताठरलेल्यांना आणि केमोच्या उलट्या कशानेच न थांबणाऱ्यांना. उलट्यांसाठी तिथे नॅबिलोन नावाची, प्रयोगशाळेत बनवलेली कॅप्सूल असते आणि तीही नेहमीची औषधं हरल्यावरच.

तुमच्या आईची नेहमीची औषधं खरंच हरली आहेत का? मला शंका आहे. ओपीडीत आमच्या आया डॉक्टरांसमोर बसल्या की 'बरें आसा' म्हणून मोकळ्या होतात. घरी बादलीशेजारी काढलेली रात्र तिथे कुणी सांगतच नाही. तुम्ही वही करा. कितव्या दिवशी, किती वेळा उलटी झाली, गोळी पोटात राहिली की पडली, सगळं लिहा आणि पुढच्या केमोआधी दाखवा. ऑनडान्सेट्रॉन या उलटीवरच्या नेहमीच्या औषधाने भागत नसेल तर अ‍ॅप्रेपिटंट आहे, रात्री कमी मात्रेत ओलांझापिन आहे. ओलांझापिन मानसिक आजारातही वापरतात, त्यामुळे चिठ्ठीवर नाव बघून दचकू नका. झोप येते, पण केमोच्या मळमळीवर ते फार चांगलं चालतं.

आणि पाणीही ठरत नसेल, लघवी कमी झाली किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रात्र असली तरी गाडी काढा.