मुलाचा फॉर्म भरताना मीच दिसले

प्रश्न : माझं वय ४१. एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं कठीण जाणं) असल्याचं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं. त्याच्यासाठी दिलेला फॉर्म भरताना माझा हात थांबला, कारण त्यातलं अर्धं वर्णन माझंच होतं. दूध गॅसवर ठेवून विसरणं रोजचंच. मशीनमध्ये धुतलेले कपडे तसेच राहतात, कुबट वास येतो, पुन्हा धुवावे लागतात. संस्थेत रोजची व्हाउचर्स टेबलावर साचतात. पण मार्चएंडला रात्री उशिरापर्यंत बसून सगळ्यांच्या आधी माझाच ताळेबंद जुळतो. साहेब म्हणतात, "येतं तर सगळं, मग वर्षभर का करत नाही?" सासूबाई धांदरट म्हणतात. नवरा म्हणतो, असं सगळ्यांचंच होतं, आणि हा आजार लहान मुलांचा. या वयात तपासणी करून उपयोग आहे का? औषधांची सवय लागते का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर देते. एडीएचडी असलेली मोठी माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा हे वाक्य कुणी ना कुणी त्यांना ऐकवलेलं असतंच. कधी वडिलांनी, कधी वर्गशिक्षकांनी. ऐकून ऐकून माणूस स्वतःच स्वतःला आळशी म्हणायला लागतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्यात लक्ष देण्याची ताकद आहे. ते लक्ष हवं तेव्हा, हव्या त्या कामावर लावण्याचा ताबा कमी पडत असावा. मेंदूचा पुढचा भाग काम सुरू करणं, धरून ठेवणं, वेळेचा अंदाज घेणं ही कामं सांभाळतो, आणि त्यासाठी डोपामिन व नॉरॲड्रेनलिन या रसायनांवर विसंबून असतो. एडीएचडीत ही यंत्रणा वेगळी चालते. ३१ मार्च डोक्यावर आला की तातडीनं ती जागी होते आणि तुमचा ताळेबंद जुळतो. जूनमधल्या एखाद्या दुपारी चहाच्या खर्चाचं व्हाउचर समोर असतं, त्याची घाई कुणालाच नसते. तिथे नुसत्या मनाच्या निग्रहावर भागत नाही. म्हणजे साहेबांना जो तुमच्या हलगर्जीपणाचा पुरावा वाटतो, तो मला तपासणीकडे बोट दाखवणारा धागा वाटतो.

हा लहान मुलांचा आजार, असं आम्ही डॉक्टरही बरीच वर्षं मानत होतो. काहींची लक्षणं वयाबरोबर निवळतात, पण बऱ्याच जणांत ती या ना त्या रूपात राहतात. बाकावरून उठून पळणारा मुलगा मोठेपणी मीटिंगमध्ये गप्प बसलेला दिसतो, आतली चुळबुळ मात्र चालूच असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली निकष बदलले. मुलांसाठी नऊपैकी सहा लक्षणांची अट कायम ठेवली, १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी ती पाचवर आणली. सुरुवात बारा वर्षांच्या आत झालेली असावी आणि त्रास घर, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावा, हेही लागतंच. लग्नानंतर किंवा मुलं झाल्यावरच सुरू झालेला विसराळूपणा यात बसत नाही.

मग लहानपणी तुमचं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? दंगा करणारा मुलगा शिक्षकांना दिसतो. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, तिला कुणी डॉक्टरकडे नेत नाही. आई शेजारी बसून अभ्यास घेत असेल तर मार्कही बरे पडतात. शिवाय यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मुलाच्या निदानानंतर आईला किंवा वडिलांना स्वतःची ओळख पटणं, हे आमच्याकडे नेहमीचं आहे.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. दूध सगळ्यांचंच कधीतरी उतू जातं, ते खरं. निदान होतं ते किती वेळा, किती वर्षं आणि काय किंमत मोजून यावर. उशिराचे दंड, हुकलेले हप्ते, त्यावरून झालेली भांडणं, झोप मोडून निस्तरलेली कामं, हे त्यांच्यासमोर मांडा. त्यांना फार तर तपासणीच्या खोलीत सोबत न्या. जोडीदाराचं निरीक्षण आम्हाला हवंच असतं.

यासाठी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची चाचणी आहे, पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. खरं काम सविस्तर गप्पांमधून होतं. प्रगतिपुस्तकं सापडली तर त्यातले शिक्षकांचे शेरे आणा. आईला विचारा, डबा, वह्या, छत्री किती हरवायच्या. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्या. अपुरी झोप, उदासी, चिंता, आणि तुमच्या वयात पाळी जाण्याआधीचे बदल यांनीही असंच विसरायला होतं. तुमच्या जिल्ह्यात मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभागात दाखवता येईल. आधी फक्त बोलायचं असेल तर १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेलिमानस फोनसेवा मोफत आहे.

औषधाबद्दलची तुमची भीती रास्त आहे. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक गटातलं औषध. त्याचा गैरवापर होऊ शकतो, म्हणूनच भारतात ते शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे आणि चिठ्ठीची प्रत औषध दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतलं तर व्यसन लागण्याची शक्यता कमी. भूक मंदावते, झोप उशिरा लागते; हे आणि रक्तदाब, नाडी बघत मात्रा ठरवतात. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध उत्तेजक नाही. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे थांबावं लागतं. औषध चालू असेपर्यंत त्याचा उपयोग, हेही स्पष्ट सांगते. नको असेल तर समुपदेशनाचीही मदत होते.

निदान व्हायची वाट न बघता एक गोष्ट करा. साहेबांना सांगा की दर शुक्रवारी चार वाजता आठवड्याची व्हाउचर्स मागा, वर्षाअखेरीस नको. शक्य असेल तर त्या तासाला एखादी सहकारी तिचं काम घेऊन तुमच्या शेजारी बसू दे. दूध तापेपर्यंत ओट्यापाशीच राहता येईल असं काम घ्या, भाजी निवडणं वगैरे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कपड्यांसाठी मशीन लावतानाच गजर लावा, आणि कपडे दोरीवर गेल्याशिवाय तो बंद करायचा नाही. मुलाच्या पुढच्या भेटीला जाल तेव्हा त्याच्या डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगा. मोठ्यांना तपासणारं कोण, हे त्यांना ठाऊक असतं, आणि आईचंही निदान झालं तर मुलाच्या उपचारांची आखणी त्यांना बदलावी लागू शकते.