छातीत गाठ आहे, बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय. तोवरचे दिवस कसे काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २४, मुंबईत नोकरी. अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली, दुखत नाही. सोनोग्राफीत ‘बायरॅड्स ४ए’ आलं. मॅमोग्राफी नको म्हणाले. काल सुईने तुकडा काढला, रिपोर्टला आठवडा लागेल. आई म्हणते सुई लावायलाच नको होती, त्याने पसरतं. डोकं चालेनासं झालंय.

तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना? मी ३१ ची आहे, लालबागला राहते, आणि काही वर्षांपूर्वी याच सगळ्यातून गेले आहे.

आधी आईचं बघू. सुई लावली की पसरतं, हे आमच्या घरातही म्हणायचे. त्याला कारण आहे. पूर्वी माणूस अगदी हाताबाहेर गेल्यावर डॉक्टरकडे जायचा, तपासणी व्हायची आणि थोड्या महिन्यांत सगळं संपायचं. घरच्यांच्या लक्षात राहायची ती सुई. खरं तर सुईने तुकडा घेतल्यामुळे आजार बळावत नाही. उलट, निदान न करता गाठच सरळ कापून काढणं वाईट, कारण ती कॅन्सरची निघाली तर पुढच्या ऑपरेशनचं सगळं नियोजन बिघडतं. म्हणून हल्ली आधी सुई आणि लागलीच तर नंतर सुरी, असाच क्रम असतो. आईला हे तू सांगून पटणार नाही. पुढच्या वेळी तिला सोबत ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकव.

आता ते ४ए. बायरॅड्स म्हणजे रेडिओलॉजिस्टला किती शंका आहे त्याची पायरी. आजाराच्या स्टेजशी त्याचा काही संबंध नाही. माझाही रिपोर्ट ४एच होता. माझ्या आत्याने फोनवर ‘चार’ ऐकलं आणि चौथी स्टेज समजून तिकडे रडायला लागली. तिला समजवण्यात माझा अख्खा रविवार गेला. २ म्हणजे साधी, कॅन्सरची नसलेली गाठ, ३ म्हणजे बहुतेक साधीच, कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत. ४ए मध्ये ती दोन ते दहा टक्के धरतात. म्हणजे अशा शंभर गाठींतल्या नव्वदच्या वर साध्याच निघतात. माझ्या गाठीची एका बाजूची कड नीट गुळगुळीत दिसत नव्हती, एवढ्यावरून ४ए पडलं होतं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर बाई पडद्यावर बेरजेसारखी दोन चिन्हं ठेवून माप घेत होत्या, इंग्रजीत भराभर सांगत होत्या आणि कोपऱ्यातली मुलगी टाइप करत होती. त्या एकदा थांबल्या, परत त्याच जागी मशीन फिरवलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. नंतर कळलं, कड नीट दिसावी म्हणून त्या कोन बदलत होत्या.

मॅमोग्राफी केली नाही यात हलगर्जीपणा नाही. तरुण वयात स्तनाचा भाग दाट असतो. मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, त्यामुळे नीट काही कळत नाही. साधारण तिशीच्या आत आधी सोनोग्राफीच करतात.

तुझ्या वयात अशा गाठी बहुतेक वेळा फायब्रोॲडेनोमाच्या असतात, म्हणजे कॅन्सर नसलेल्या. बोटाखालून सटकणारी, रबरासारखी गाठ. पाण्याची गाठ म्हणजे सिस्ट असू शकते, पू झालेला असू शकतो, आपल्याकडे स्तनाचा टीबीसुद्धा सापडतो. पण तुझी कुठली, हे मी सांगू शकत नाही आणि तुझ्या ऑफिसमधली मैत्रीणही सांगू शकत नाही. ‘दुखत नाही म्हणजे साधी’ हेही खरं नाही, सुरुवातीला कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखत नाही. चोविसाव्या वर्षी कॅन्सर क्वचित होतो, पण होतो. म्हणूनच तुझा तुकडा काढला ते योग्यच झालं. आमच्या जवळच्या एका डॉक्टरांनी मला हात लावून बघायच्या आधीच सांगितलं होतं, ‘अशा गाठी लग्न झालं, बाळाला पाजलं की जातात.’ असं ऐकून घरी बसलेल्या किती मुली असतील कोण जाणे! गाठ विरघळवणाऱ्या गोळ्यांचंही तेच. रिपोर्ट हातात येईपर्यंत त्यांच्या नादी लागू नकोस.

आठवडा का लागतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्याकडे तुकड्यांची बाटली आपल्याच हातात देतात, लॅबला नेऊन द्या म्हणून. अंगठ्याएवढी बाटली, आत तुकडे टिकवणारं, पाण्यासारखं दिसणारं फॉर्मॅलिन आणि त्यात तरंगणारे बारीक पांढरट तुकडे. टॅक्सीत मी ती दोन्ही हातांत धरून बसले होते. (तुझ्या बाटलीवर आणि फॉर्मवर नाव, वय आणि डावी की उजवी बाजू बरोबर लिहिलंय का, हे बघितलं नसलंस तर लॅबला फोन करून विचारून घे. त्यात लाजायचं काही नाही.) ते तुकडे आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवावे लागतात. मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढतात, काचेवर घेऊन गुलाबी-जांभळे रंगवतात, आणि तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. यातली कुठलीच पायरी ओळखीच्या माणसाचा फोन लावून लवकर होत नाही. शंका वाटली तर आणखी खोलवरचे काप घेतात किंवा वेगळे रंग, आयएचसी (पेशी नेमक्या कुठल्या ते ओळखायची खास तपासणी) वगैरे मागवतात, आणि दोन-चार दिवस वाढतात. साध्या गाठीतही हे होतं, त्यामुळे उशीर झाला म्हणजे वाईटच, असा हिशेब मांडू नकोस. माझा रिपोर्ट तर गणपतीच्या सुट्ट्यांत अडकला होता.

लालबागमध्ये गणपतीत घर कसं असतं ते तुला माहीत असेलच. राजाच्या दर्शनाला आलेले नातेवाईक आमच्याकडे चहाला, पाणी प्यायला, पाय मोकळे करायला. आई कुणाला काही न सांगता नवसाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रडायला बाथरूम सोडून जागा नाही, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी दार वाजवणार. पण त्या गर्दीने मला सांभाळलं, हेही खरं. भांडी घासायला होती, पोरांना सांभाळायचं होतं, रात्री झोप लागत होती. तुझ्याकडे आत्ता गणपती नसतील, पण नुसती मोबाइल घेऊन पडू नकोस. ऑफिसला जा. नेटवर शोधायचंच असेल तर दिवसातून एक वेळ ठरव आणि रात्री अजिबात नको.

सांगायचं कुणाला? माझं मत, एकाच माणसाला सांग, पण असं माणूस निवड जे ओपीडीत तुझ्यासोबत तीन तास बसेल आणि ‘मनात वाईट आणू नकोस’ एवढंच म्हणत बसणार नाही. मी माझ्या मामीला सांगितलं होतं. ती वहीच घेऊन आली. डॉक्टर बोलत असताना मी नुसती मान हलवत होते, लिहून तिने घेतलं. स्थळं बघणं चालू असेल तर घरचे ‘बाहेर बोलू नकोस’ म्हणतील. या आठवड्यापुरतं त्यावर भांडू नकोस, ताकद वाचव. मात्र एक गोष्ट घरच्यांकडून काढून घे: कुटुंबात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, आणि कितव्या वर्षी. आईकडच्यांबरोबर वडिलांकडच्याही बायका यात मोजायच्या, म्हणजे आत्या आणि आजीसुद्धा. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता हे त्यांना सांग.

काल सुई टाकलीय म्हणजे ती जागा काळीनिळी पडेल, गाठ मोठी झाल्यासारखी वाटेल. आत थोडं रक्त साकळतं, त्यामुळे तसं लागतं. दर तासाला चाचपून बघू नकोस. घट्ट ब्रा घाल, दोन दिवस जड उचलू नकोस. लोकलने जात असलीस तर बॅग पुढे घे, सकाळच्या लेडीज डब्यात कुणाचं कोपर कुठे बसेल सांगता येत नाही. ताप आला, जागा लाल-गरम झाली किंवा सूज वाढतच गेली, तर मात्र रिपोर्टची वाट न बघता दाखवायला जा.

रिपोर्ट आला की शेवटची ओळ वाचून थांबू नकोस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाकुणाला पाठवत बसू नकोस. तो घेऊन ज्यांनी हाताने तपासलं त्यांच्याकडे जा आणि सरळ विचार: तुमच्या हाताला लागलेलं, सोनोग्राफीत दिसलेलं आणि तुकड्यात निघालेलं, तिन्ही जुळतंय का? जुळत नसेल तर परत तुकडा घेतात, आणि घ्यायलाच हवा. साधं निघालंय म्हणून तो मुद्दा सोडायचा नाही.

वाईट निघालं, तर दुसरं मत जरूर घे. आपण मुंबईत आहोत, परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटल आहे, जिथे यायला देशभरातले लोक सामान बांधून निघतात आणि समोरच्या फुटपाथवर दिवस काढतात. लॅबकडून स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक मागून घे, मोठ्या ठिकाणी ते स्वतः परत तपासतात. हे मागणं तुझा हक्क आहे.

आणि फायब्रोॲडेनोमा निघाला, तर लहान असला आणि वाढत नसला तर काढायची गरज नसते. माझी गाठ अजून आहे. मोठी असेल, भराभर वाढत असेल किंवा तुलाच नको असेल, तर काढतात. ठेवायची ठरली तर साधारण सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी सांगतील. ती तारीख तिथल्या तिथे मोबाइलमध्ये टाक, शक्यतो त्याच सेंटरला जा आणि जाताना आत्ताचा रिपोर्ट आणि फिल्म सोबत ने. जुनं माप समोर असल्याशिवाय गाठ वाढली की नाही, हे त्यांनाही सांगता येत नाही.