पॅनिक अटॅकमध्ये वेळ थांबल्यासारखा का वाटतो? मला अर्धा तास वाटतो, घरचे म्हणतात पाचच मिनिटं झाली. आणि ताणाच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे कुठे गेले ते का आठवत नाही?

'घरचे म्हणतात पाचच मिनिटं झाली' या वाक्यापाशी मी अडकले. बाकीचा प्रश्न दुसऱ्यांदा वाचला तेव्हा कळला. म्हणून आधी हेच सांगते: तुम्ही खोटं बोलत नाही आहात आणि वाढवूनही सांगत नाही आहात.

माझा पहिला मोठा अटॅक रात्री सव्वादोनला आला. झोपेतून उठले ती छातीत धडधड घेऊनच. हाताला मुंग्या, घसा आवळलेला. कुणाची झोपमोड नको म्हणून बाथरूममध्ये जाऊन फरशीवर बसले आणि दादाला फोन लावला. तो पलीकडून बोलत होता, 'श्वास घे, काही होत नाहीये तुला.' मी समोरच्या नळाकडे बघत होते. नळ गळत होता. तोटीच्या कडेला थेंब जमायचा, फुगायचा, त्याची मान लांब व्हायची आणि तो तसाच लोंबकळत राहायचा. पडायचाच नाही. हा पडला की मी सुटले असं काहीतरी मनाने घेतलं होतं. थेंब पडायचा आणि मी सुटायची नाही. दुसरा जमायला लागायचा. नळाच्या चकतीवरचा गंजका स्क्रू, फरशीचा उडालेला टवका, बादलीच्या कडीवरचा चुन्याचा पांढरा थर, हे सगळं मला आजही जसंच्या तसं दिसतं. घटका भरली म्हणतात ना, तसं अगदी ठाम वाटत होतं.

दोन दिवसांनी मी वहिनीला म्हटलं, 'दादा बिचारा पाऊण तास फोनवर होता गं.' दादाने तिथेच खिशातून फोन काढला आणि कॉलची नोंद दाखवली: ७ मिनिटं १२ सेकंद. 'राईचा पर्वत करायची हिची लहानपणापासूनची सवय,' म्हणाला. सगळे हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून मी माझ्याच अनुभवाला कात्री लावायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, 'किती वेळ टिकतं?' मी म्हटलं, 'दोन-तीन मिनिटं.' किती त्रास होतो? 'तसा फार नाही.' नीट उपचार सुरू व्हायला त्यानंतर एक वर्ष गेलं. ते वर्ष मी कुणाला माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही.

आता का होतं ते. अटॅकची लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखराला पोचते आणि ओसरायला लागते. म्हणजे घड्याळ तुमच्या घरच्यांच्या बाजूने आहे. पण २००७ साली चेस स्टेटसन, डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना ३१ मीटर उंचीवरून पाठमोरं खाली जाळ्यात सोडायचं आणि नंतर विचारायचं, पडायला किती वेळ लागला? लोकांनी स्वतःचं पडणं दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब सांगितलं. त्यांच्या मनगटावर भराभर बदलणारे आकडे दाखवणारं यंत्रही बांधलं होतं. वेळ खरोखर संथ झाला असता, तर ते आकडे एरवीपेक्षा स्पष्ट वाचता यायला हवे होते. ते आले नाहीत. नजरेचा वेग तोच होता. संशोधकांनी काढलेला अर्थ असा की भीतीत मेंदू बारीकसारीक सगळं नोंदवत सुटतो आणि नंतर त्या नोंदींच्या ढिगाऱ्यावरून वेळ मोजतो. ढीग मोठा म्हणून वेळ मोठा. माझा गंजका स्क्रू त्या ढिगाऱ्यातलाच.

दादाला हे वाचून दाखवलं तर म्हणाला, 'सात मिनिटांचे छत्तीस टक्के वाढवून पाऊण तास होत नाही.' हिशेब बरोबर आहे. पण ते पडणं अडीच सेकंदांचं होतं, खाली जाळं आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्यांच्यातलं कुणी 'हे संपणार कधी' असं मोजत बसलं नव्हतं. संपण्याची वाट बघणं हेच वेळ ताणतं, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. दुधावर नजर ठेवून उभं राहिलं की ते उतू जात नाही, तसं.

घड्याळाकडे सारखं बघण्याचाही एक घोळ आहे. नजर झटकन सेकंदकाट्यावर नेली की पहिला सेकंद लांबल्यासारखा, काटा अडकल्यासारखा वाटतो. हे कुणालाही होतं, त्याला क्रोनोस्टॅसिस म्हणतात. घाबरलेला माणूस दर थोड्या वेळाने घड्याळ बघतो आणि दर वेळी त्याला काटा थांबलेलाच भेटतो. म्हणून मी आता डोकावत नाही. बघायचंच तर नजर काट्यावर ठेवून त्याच्याबरोबर एक पूर्ण फेरी मारते, श्वास सोडताना सावकाश. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या फेरीला हात सैल पडतात.

आठवडे गायब होण्याचं कारण, मला समजलंय त्याप्रमाणे, याच्या उलटं आहे. लांबलेल्या ताणात लक्ष एकाच काळजीत रुतलेलं असतं, झोप तुटकी असते, दिवस एकमेकांसारखे जातात. नोंदवण्यासारखं थोडंच उरतं. म्हणून तास रेंगाळतात, पण मागे वळून पाहिलं तर महिना रिकामा दिसतो. माझ्या त्या वर्षातले सलग तीन महिने मला आठवत नाहीत.

घरच्यांना एवढंच सांगा की अटॅक चालू असताना किंवा नंतर मिनिटांचा हिशेब तोंडावर फेकू नका. 'आत्तापर्यंत तीन मिनिटं झाली, आता उतरेल' असं जवळ बसून हळू आवाजात सांगितलं तर त्याच घड्याळाचा आधार होतो. 'तीनच तर मिनिटं झाली' म्हटलं की माणूस गप्प होतो आणि पुढच्या वेळी बोलावतही नाही. मी नंतरच्या चार अटॅकना दादाला फोन केला नाही.

हे आधी लिहायला हवं होतं: छातीत दुखणं, धाप लागणं असं पहिल्यांदाच झालं असेल तर पॅनिक आहे असं स्वतःच ठरवू नका. हृदयाचे ठोके बिघडले किंवा थायरॉइड वाढलं तरी बरंचसं असंच वाटतं, ते आधी तपासून घ्या. काट्याच्या फेऱ्यांनी मी बरी झालेली नाही, थेरपी आणि काही काळ गोळ्या यांनी झाले. काहींना घड्याळ पाहून जास्तच घाबरायला होतं, त्यांनी ते सोडून द्यावं.

आणि डॉक्टरांकडे जाताना दोन्ही आकडे लिहून न्या, घड्याळाचा आणि तुमचा. माझ्या वहीत त्या रात्रीपुढे आता '७' आणि '४५' दोन्ही लिहिलेले आहेत.