सेटरचे पिल्लू निवडण्याआधी त्याची आई पाहा

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांपासून अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील डुलूथ शहराजवळ राहतो. शरद ऋतूत तो सहकाऱ्यांबरोबर रफ्ड ग्राउस आणि वुडकॉक या पक्ष्यांच्या शिकारीला जातो. तेथे परवाना काढून ठरलेल्या हंगामात ती करता येते. आता त्याला या कामासाठी इंग्लिश सेटर जातीचा कुत्रा घ्यायचा आहे. एका ब्रीडरने सहा आठवड्यांच्या नऊ पिल्लांची छायाचित्रे पाठवली असून आगाऊ रक्कम भरून त्यांतील कोणतेही निवडा, असे कळवले आहे. आमच्या घरी पुण्यात कायम कुत्री असल्यामुळे तो मला विचारतो, परंतु शिकारी जातीचा मला अनुभव नाही. पिल्लू कसे पारखावे? घरात चार वर्षांचा नातूही आहे. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या चिरंजीवांना प्रथम एवढेच कळवा, की नऊ छायाचित्रांतून पिल्लू निवडता येत नाही आणि खरे पाहता ते निवडायचेही नसते. निवडायचे असते ते वेत, म्हणजे आई, बाप आणि त्या दोघांना एकत्र आणणारा माणूस. या तीन गोष्टी मनासारख्या असतील तर नऊपैकी बहुतेक पिल्ले चांगलीच निघतात, आणि त्या नसतील तर सर्वांत देखणे पिल्लू उचलूनही उपयोग होत नाही.

सेटरचे काम काय असते, हे मी शिक्षणासाठी अमेरिकेत असताना एकदा प्रत्यक्ष पाहिले. मी बंदूक न घेता केवळ सोबत गेलो होतो. ॲस्पेनची कोवळी झाडे इतकी दाट होती, की वीस पावलांवरची कुत्री दिसत नव्हती; तिच्या गळ्यातली घंटा मात्र बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांसारखी सारखी वाजत होती. मध्येच ती थांबली आणि आमच्याबरोबरचा म्हातारा शिकारीही जागच्या जागी थांबला. आम्ही फांद्या बाजूला करत पोहोचलो, तेव्हा ती कुत्री एक पाय उचलून, शेपटी ताठ करून, समोरच्या झुडपाकडे नाक रोखून उभी होती. तिचे अंग थरथरत होते, परंतु ती तसूभरही पुढे सरकत नव्हती. ग्राउस तिच्यापासून पंधरा पावलांवर होता. रफ्ड ग्राउस हा आपल्या तित्तराच्याच कुळातला, पण फार सावध पक्षी आहे. कुत्रा दोन पावले जास्त जवळ गेला तरी तो भुर्रकन उडून जातो. म्हणून वास येताच दूरवरच थांबणे आणि मालक येईपर्यंत थांबून राहणे, हा या कामाचा गाभा आहे. ही ओढ रक्तातून येते. शिकवून तिला वळण लावता येते, पण मुळात नसेल तर ती निर्माण करता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : या पिल्लांच्या आईबापांनी नेमक्या कोणत्या रानात, कोणत्या पक्ष्यांवर काम केले आहे? सेटरमध्ये फार पूर्वीपासून दोन वाटा झालेल्या आहेत. एडवर्ड लॅव्हेरॅक या इंग्रज गृहस्थाने 1825 च्या सुमारास पाँटो आणि ओल्ड मॉल या जोडीपासून जोपासलेल्या कुत्र्यांवर आजचा इंग्लिश सेटर उभा राहिला. पुढे पर्सेल ल्यूएलिन यांनी त्याच रक्तात इतर रक्त मिसळून मैदानी कामाची शाखा वाढवली, आणि आजही ल्यूएलिन हे नाव शिकारी लोकांच्या तोंडी असते. प्रदर्शनात उतरणारे सेटर साधारणपणे अंगाने मोठे, केसांनी लांब आणि चालीने संथ असतात, तर रानात काम करणारे लहान चणीचे, हलके आणि चपळ असतात. दोन्ही कुत्री गोडच असतात, परंतु काम पाहिजे असेल तर कामाच्याच घराण्यात जावे.

त्यातही आणखी एक भेद आहे, तो नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातील ग्रँड जंक्शन येथे मोठी राष्ट्रीय स्पर्धा होते. तेथे परीक्षक घोड्यावर असतात आणि कुत्र्याने मोकळ्या माळावर दूरदूर धावून बॉबव्हाइट क्वेल शोधायचा असतो. 1970 नंतर प्रथमच एका सेटरने, शॅडो ओक बो याने, 2013 आणि 2014 असे दोनदा ते अजिंक्यपद मिळवले. असा इतिहास असलेले घराणे गौरवाचेच असते. तरीही डुलूथच्या दाट रानात पायी हिंडणाऱ्या माणसाला अर्धा मैल पुढे पळणाऱ्या कुत्र्याचा काय उपयोग? त्याला घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरात राहणारा, मालकाकडे लक्ष ठेवून झुडपे धुंडाळणारा कुत्रा हवा. म्हणून पारितोषिकांची संख्या न मोजता ग्राउसच्या रानातली, पायी घेतल्या जाणाऱ्या स्पर्धांतली किंवा निदान रोजच्या शिकारीतली कामगिरी विचारावी. केवळ पाळीव, पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांवर तयार झालेल्या कुत्र्याची कीर्ती फार विश्वासाने घेऊ नये, कारण तसा पक्षी कुत्रा अगदी जवळ आला तरी बसून राहतो आणि कुत्र्याची चूक झाकली जाते.

दुसरा प्रश्न प्रकृतीचा आहे, आणि येथे मी पशुवैद्य म्हणून आग्रहाने लिहितो. आई आणि बाप दोघांच्याही खुब्याच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी झालेली असावी. अमेरिकेत ओएफए ही संस्था कुत्रा 24 महिन्यांचा झाल्यावरच खुब्याचा अंतिम दाखला देते आणि खुले ठेवलेले निकाल तिच्या संकेतस्थळावर कुत्र्याच्या नोंदणीकृत नावाने कोणालाही पाहता येतात. ब्रीडर म्हणतो म्हणून मानू नये, नाव घालून स्वतः पाहावे. कोपराचा सांधा आणि थायरॉइड ग्रंथी यांचेही अहवाल मागावेत.

इंग्लिश सेटरच्या बाबतीत श्रवणशक्तीची तपासणी विशेष महत्त्वाची आहे. ज्या कुत्र्यांत पांढरा रंग जास्त असतो, त्यांच्या आतल्या कानात रंगद्रव्याच्या पेशी कमी पडून जन्मजात बहिरेपणा येऊ शकतो. माझ्या दवाखान्यात एकदा डाल्मेशियनची दोन भावंडे लसीकरणासाठी आली होती. हातातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला, तेव्हा एक पिल्लू दचकून टेबलाखाली पळाले आणि दुसरे मालकिणीच्या मांडीवर तसेच झोपून राहिले. त्या बाईंना तोपर्यंत ते पिल्लू फार शांत स्वभावाचे वाटत होते. दोन्ही कान गेलेले असे पिल्लू निदान लक्षात तरी येते. एका कानाने बहिरे असलेले पिल्लू घरात अगदी नेहमीसारखे वागते, मात्र रानात शिट्टी कोणत्या दिशेने आली हे त्याला उमगत नाही. बेअर नावाची तपासणी पाच आठवड्यांनंतर करता येते आणि त्यात प्रत्येक कानाचा निकाल वेगळा कळतो. आपली पिल्ले सहा आठवड्यांची आहेत, म्हणजे हे अहवाल आता मागता येतील.

राहिला ब्रीडर. जो माणूस फक्त पैसे कधी भरता एवढेच विचारतो, त्याच्याकडे मी जाणार नाही. चांगला ब्रीडर उलट आपल्यालाच प्रश्न विचारतो : घरात लहान मूल आहे का, कुंपण आहे का, वर्षातले किती दिवस रानात जाता, आधी कुत्रा सांभाळला आहे का. नातवाचा उल्लेख होताच त्याने पुढचे दोन प्रश्न विचारले, तर तो माणूस पिल्लाचा विचार करतो आहे असे समजावे. मागच्या वेतातल्या पिल्लांच्या मालकांचे दूरध्वनी क्रमांक तो आनंदाने देतो. आपल्या कुत्रीचा एखादा दोष तो न विचारता सांगतो. कोणत्याही वयात कुत्रा ठेवणे जमले नाही तर तो मलाच परत द्या, असे करारात लिहून देतो. त्याच्या घरी जाऊन आईला भेटणे मात्र टाळू नये, मग त्यासाठी पाच-सहा तास गाडी चालवावी लागली तरी चालेल. अनोळखी माणूस आला असता ती शेपटी हलवत पुढे येते, की कोपऱ्यात दबून गुरगुरते, हे पाहावे; घरात लहान मूल असताना मला ही गोष्ट कागदोपत्री दाखल्यांइतकीच मोलाची वाटते.

इतके झाल्यावर पिल्लाची निवड उरते, ती लवकर आटोपते. काठीला दोरीने पक्ष्याचा पंख बांधून पिल्लांपुढे नाचवतात आणि जे पॉइंट धरते, म्हणजे त्याकडे रोखून जागच्या जागी थबकते, ते हुशार मानतात. तो खेळ पाहायला सुंदर असतो, परंतु त्यावर भिस्त ठेवू नये, कारण त्या वयात पिल्लू डोळ्यांनी पंखाचा पाठलाग करत असते, नाकाने नव्हे. फार दांडगे आणि फार बुजरे वगळून मधले पिल्लू घ्यावे, आणि सात-आठ आठवडे रोज त्यांना पाहणाऱ्या ब्रीडरचे मत विचारावे. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू घरी आणू नये.

एक सूचना राहून जायला नको. बंदुकीच्या आवाजाला घाबरणारा कुत्रा क्वचितच तसा जन्मतो, बहुतेक वेळा माणूस त्याला तसा बनवतो. दिवाळीत आपल्याकडे पायाशी फुटलेल्या एका लवंगी माळेने कुत्रे जन्मभरासाठी भित्रे होते, हे आपण पाहिलेच असेल. तिकडे 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तसेच फटाके उडतात. त्या रात्री पिल्लू घरात ठेवावे. बंदुकीचा बार त्याला प्रथम दुरून, हलका आणि तो पक्ष्यामागे रंगून गेलेला असतानाच ऐकवावा.

प्रश्न : पुण्यातच एका ब्रीडरकडे आयरिश सेटरचे पिल्लू पाहिले. 40 दिवसांचे आहे, लगेच घेऊन जा, असे तो म्हणतो. पिल्लाला वेताळ टेकडीवर किंवा गावाकडच्या माळावर तित्तर, लाव्हे शोधायला शिकवता येईल का? पक्षी मारण्याचा माझा हेतू नाही. – एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : शिकवता येणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही. पाठलाग करणे, हाकणे, पकडणे आणि त्यासाठीचे प्रयत्नही येतात. कुत्रा सोडून तित्तर उठवणे हा आपल्या दृष्टीने सराव असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ती शिकार ठरू शकते, आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांना तर त्या कुत्र्यापासून खराच धोका असतो. कृपया टेकडीवर या कुत्र्याला कधीही मोकळे सोडू नका. त्याच्या नाकाला काम हवेच असेल, तर कोंबडीची पिसे भरलेली कापडी थैली कुंपण असलेल्या शेतात लपवून ती शोधायला लावा. त्यात तो मनापासून रमेल.

जातीविषयीही थोडे बोलले पाहिजे. आयरिश सेटरला रोज तास-दोन तास धावायला लागते आणि त्याचे लांब केस आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात जड होतात. फिरवणे सकाळी उजाडताच आणि रात्रीच शक्य असते. पावसाळ्यात केसांत लपणाऱ्या गोचिडांमुळे ताप येतो. खोल छातीच्या या जातीत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, तेव्हा एकदम भरपेट खाऊ घालून धावडवू नये. दिवसभर बंद सदनिकेत राहणार असेल, तर माझा सल्ला ही जात न घेण्याचा आहे.

तरीही घ्यायचेच ठरले, तर 40 दिवसांचे पिल्लू विकणे मुळात नियमात बसत नाही. 2017 च्या कुत्रा प्रजनन आणि विक्री नियमांनुसार ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय विकता येत नाही, आणि मादीला वर्षातून एकच वेत व आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेते घेता येत नाहीत. नोंदणीचा कागद पाहा, आईला भेटा आणि तिचे हे कितवे वेत आहे ते विचारा. आयरिश सेटरमध्ये दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक रोग आणि पांढऱ्या पेशींचा क्लॅड नावाचा एक दोष आढळतो. दोन्ही जनुकीय चाचणीने ओळखता येतात, आणि आईबापांपैकी एक जरी पूर्ण निर्दोष ठरला तरी पिल्लांना ते रोग होत नाहीत. ब्रीडरला सांगा, की मी आणखी सोळा दिवस थांबतो, तोवर पिल्लू आईजवळ राहू द्या आणि आईबापांपैकी एकाची तरी ही चाचणी करून घ्या. खर्च मी देतो. त्याने यालाही नकार दिला, तर पिल्लू कितीही आवडले असले तरी ते घेऊ नका.