लोड घेताना आधी वॅट बघा

प्रश्न: सर, माझं एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) रिपेअरिंगचं दुकान आहे, एलईडी स्ट्रिपवाले १२ व्होल्ट ३० अँपिअरचे सप्लाय खूप येतात. टेस्टिंगसाठी इलेक्ट्रॉनिक लोड (सप्लाय किंवा बॅटरीतून ठरवू तेवढा करंट ओढणारं यंत्र) घ्यायचाय, रिगोलच्या डीएल३०२१ वर १५० व्होल्ट ४० अँपिअर लिहिलंय, म्हणजे आरामात चालेल ना?

नाही चालणार. तिथेच तिसरा आकडा आहे, २०० वॅट, आणि शेवटी चालतं ते त्याचंच, म्हणजे १२ व्होल्टला जेमतेम साडेसोळा अँपिअर मिळणार आणि तुम्हाला लागतायत ३६० वॅट. तासभर फुल लोडवर ठेवून बघायचं असेल तर ५००-६०० वॅटचाच घ्या. बजेट नाहीये? मग ०.८ ओहमची, निदान ३०० वॅटची रेझिस्टर बँक पॅरललमध्ये लावा, १५ अँपिअर ती खाईल आणि उरलेले १५ लोडवर सेट करा, १८० वॅटच होतात. बँकेवर पंखा सोडा आणि हात लावू नका, भाजतं.

प्रश्न: घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच ट्युब्युलर बॅटरी खरंच १५० ची आहे का हे लोडवर कळेल का?

कळेल की. आधी फुल चार्ज करा. लेबलवर सी२० (म्हणजे २० तासांत रिकामी होण्याच्या हिशोबाचं रेटिंग) असेल तर कॉन्स्टंट करंट मोडमध्ये (लोड करंट एकच धरून ठेवतो) साडेसात अँपिअर, कटऑफ १०.५ व्होल्ट, आणि २० तास टिकली तर बॅटरी खरी. (रेटिंग २७ डिग्रीचं असतं, थंडीत थोडं कमी येणारच.) जेमतेम ९० वॅटचं काम आहे, त्यामुळे १५० वॅटचा लोड पुरतो, पण रिमोट सेन्स (व्होल्टेज वेगळ्या वायरींनी मोजायची सोय) असलेलाच घ्या हो, कारण वायर आणि क्लिप मिळून ०.०५ ओहम जरी झाले तरी पावणेचारशे मिलिव्होल्ट तिथेच पडतात आणि लोडला वाटतं बॅटरी संपली. सेन्सच्या दोन बारीक वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. प्लसमध्ये फ्यूज हवाच, उलटी जोडली गेली तर लोडमधल्या मॉसफेटचा (करंट ताब्यात ठेवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) आतला बॉडी डायोड सरळ कंडक्ट करतो आणि पुढचं सांगायला नको. आणि मधेच लाईट गेली तर बऱ्याच लोडचा एएचचा हिशोब जातो, तेव्हा लोड यूपीएसवर ठेवा. टेस्ट झाली की लगेच चार्जिंगला लावा, रिकामी ठेवू नका.

प्रश्न: एलईडी ड्रायव्हर लावला की रीडिंग नुसतं नाचतं, लोड खराब आहे का?

लोड ठीक आहे, मोड चुकलाय. ड्रायव्हर स्वतःच करंट धरून ठेवतो, तुम्हीही कॉन्स्टंट करंट लावलात तर दोघांची भांडणं होणार. कॉन्स्टंट व्होल्टेज मोडला जा, ३०-४० व्होल्टचा ड्रायव्हर असेल तर ३६ ठेवा आणि करंट वाचा.

प्रश्न: ट्रान्झियंट टेस्टसाठी (लोड अचानक बदलला की सप्लाय कसा सावरतो ते बघायला) १० अँपिअर पर मायक्रोसेकंद स्ल्यू रेटचा, म्हणजे करंट तेवढ्या झपाट्याने बदलणारा, महागडा लोड घेऊ का?

एक मीटरची लीड जोडी वापरणार असाल तर पैसे वाया. त्यात साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणजे त्या स्पीडला १० व्होल्ट वायरमध्येच पडतील, ५ व्होल्टच्या चार्जरचं काय उरणार! लीड एकमेकींना पिळून वीतभर करा, मग आहे त्याच लोडवर परत बघा.